जिव्हाळीपुढचे दोन मिलिमीटर

लहानपणी नखं कापताना हात हलला की आई म्हणायची, ‘‘लागली ना जिव्हाळी? तरी सांगत होते, हलू नकोस.’’ नख जिथवर बोटाला चिकटलेलं असतं तिथली ती कोवळी, गुलाबी जागा म्हणजे जिव्हाळी. तिच्यापुढं जे पांढरं उरतं ते रविवारी सकाळी वर्तमानपत्रावर कापायचं आणि पुडी बांधून फेकून द्यायचं, एवढीच आमच्या घरात त्याची किंमत. चोविसाव्या वर्षी मी क्लासिकल गिटार शिकायला गेलो. पहिल्याच तासाला सरांनी माझा उजवा हात धरून उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, ‘‘वाद्य अर्धंच आणलंयस की रे.’’ गिटार तर मांडीवर होती. त्यांना हवी होती ती नखं.

आधी कुठल्या गिटारीबद्दल बोलतोय ते सांगतो. आपल्याकडं दुकानात ‘स्पॅनिश गिटार’ मागितली की हवाईयन सोडून कुठलीही गिटार पुढ्यात येते. ज्यांना प्लास्टिकचा पिक धरून गाण्यांना कॉर्ड द्यायच्या आहेत, त्यांनी डाव्या हाताची नखं कापली की काम झालं. त्यांना पुढचं प्रकरण करमणूक म्हणून वाचता येईल. मी बोलतोय ते नायलॉनच्या तारा बोटांनी छेडणाऱ्यांसाठी. यात उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका अशी चार बोटं वाजवतात. स्वरलिपीत त्यांच्या स्पॅनिश नावांची आद्याक्षरं लिहितात: पुल्गार, इंदिसे, मेदिओ, आनुलार. करंगळी बहुतेक वेळ नुसती सोबतीला असते. म्हणजे राखायची नखं चार, आणि तीही सगळी एकाच हाताची. बँकेत सही करताना समोरची व्यक्ती आधी उजवा हात बघते, मग डावा, मग तुमचं तोंड. त्याची सवय होते.

नख हवंच कशाला, हा प्रश्न ज्यानं कधी तंबोरा छेडलाय त्याला पडणार नाही. तंबोऱ्याची तार बोटाच्या मऊ टोकावरून अलगद सुटायला हवी. नख लागलं की आस मोडते आणि गवई मान वळवून बघतो. सतारीचं उलट. तिथं तर्जनीवर पोलादी तारेची नखी चढवल्याशिवाय बाजाची तार बोलत नाही. मिजराबला मराठीत नखी म्हणतात. वरून घालायचं नखच ते. आणि हा नियमही पक्का नाही. पनवेलजवळच्या पळस्प्याला गुरुकुल काढणारे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी आपल्या रुद्रवीणेचे भोपळे मोठे केले, तारा जाड केल्या आणि नखी काढूनच ठेवली, कारण त्यांना हवा तो खोल, धीम्या आलापाचा नाद धातूच्या टोकाखाली मिळत नव्हता. प्रत्येक वाद्याचं आणि बहुधा प्रत्येक वादकाचं नखाशी आपलं आपलं नातं असतं.

कारण तसं सोपं आहे. तार छेडताना बोट तिला आधी बाजूला ओढतं आणि मग सोडतं. सुटण्याच्या क्षणी तार एका जागी वाकलेली असते. तो कोपरा जितका टोकदार, तितके वरचे बारीक उपस्वर जास्त उठतात. नखाची कड अरुंद, म्हणून कोपरा टोकदार आणि आवाज लख्ख. बोटाचं मांस रुंद आणि मऊ; त्यानं कोपरा गोलसर होतो, शिवाय तार सुटता सुटता ते वरचे उपस्वर दाबूनही टाकतं. म्हणून आवाज जाड, उबदार, पण थोडा पांघरूण घेतल्यासारखा. आजचे बहुतेक वादक दोन्हींचा मेळ घालतात. तार आधी मांसाला टेकते, मग नखाच्या कडेवर येते आणि त्या कडेवरून घसरत सुटते. हा घसरण्याचा रस्ता मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. त्यावर एखादी खरखर असेल तर ती प्रत्येक स्वराच्या आधी ‘खर्र’ म्हणून हजेरी लावते.

या दोन मिलिमीटरांवरून दोन मित्रांत झालेला मतभेद गिटारवाल्यांना आजही सांगावासा वाटतो. फर्नांदो सोर हा बार्सिलोनाचा, दिओनिसिओ आगुआदो माद्रिदचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोघंही पॅरिसमध्ये होते, काही काळ एकाच हॉटेलात राहत. सोर नखांशिवाय वाजवायचा, आगुआदो नखांनी. सोरनं १८३० मध्ये गिटारवादनावर पुस्तक लिहिलं आणि त्यात नखांनी वाजवणाऱ्यांना सरळ धारेवर धरलं. अपवाद फक्त आगुआदोचा, आणि तोही असा की, त्याच्या वादनात इतके गुण आहेत म्हणून नखं पोटात घालायची! याच सोरनं ‘दोन मित्र’ नावाचं दोन गिटारींचं युगुलवादन लिहून आगुआदोला अर्पण केलं. मला यातली जास्त आवडणारी गोष्ट पुढची आहे. सोरचं वादन ऐकल्यावर आगुआदोनं अंगठ्याचं नख वापरणं सोडलं, बाकी तीन बोटांचं ठेवलं. वादात कुणी एक अंगठ्याएवढी जागा दुसऱ्याला दिल्याचं उदाहरण संगीताच्या इतिहासात फारसं सापडत नाही.

पुढं गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगानं आयुष्याच्या उत्तरार्धात नखं काढून टाकली. त्याचा शिष्य एमिलिओ पुजोल त्याच वाटेनं गेला आणि या प्रश्नावर त्यानं एक पुस्तिकाही लिहिली. पण जगभर पसरली ती आंद्रेस सेगोव्हियाची पद्धत, नख आणि मांस दोन्हींची. मोठी सभागृहं, ध्वनिमुद्रिका आणि सेगोव्हियाचा दबदबा ही त्याची कारणं आहेतच. पण तारांचंही एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. तोवर गिटारीच्या वरच्या तीन तारा आतड्यांच्या असत, आपण जिला तात म्हणतो तीच. तात नखाखाली उसवते, तिचे तंतू सुटायला लागतात. दुसऱ्या महायुद्धात तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली आणि गिटारवाल्यांना मिळेनाशी झाली. न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन यानं नायलॉनच्या तारा करून पाहिल्या, सेगोव्हियानं त्या उचलून धरल्या. नायलॉन गुळगुळीत, नखाला न जुमानणारं. त्यानंतर नखांच्या बाजूनं पारडं झुकलं ते झुकलंच. नायलॉन आधी आलं असतं तर सोर काय म्हणाला असता, यावर आमच्या सरांकडं चहाचे किती कप संपले त्याला गणती नाही.

नख म्हणजे काय ते आता पाहू, कारण निगा राखायची तर माल कळायला हवा. बोटाच्या बुडाशी, कातडीखाली नखाचं मूळ असतं. नखाच्या तळाला पांढुरकी चंद्रकोर दिसते, ती या मुळाचंच बाहेर डोकावणारं टोक. तिथं पेशी तयार होतात, चपट्या होतात, केराटिन नावाच्या प्रथिनानं भरतात आणि मरतात. त्या मेलेल्या पेशींची पाटी पुढं सरकत राहते. ती जाडीला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आपण जे तासतो, घासतो, तेल लावतो ते सगळं निर्जीव आहे. त्याला आतून काही पोचत नाही. शिंगाचा तुकडा समजा. जिवंत कारखाना मागं, कातडीच्या आड. तिथं एकदा मार बसला तर नखावर खाच किंवा रेघ कायमची उमटू शकते.

हा कारखाना किती वेगानं चालतो ते विल्यम बीन नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं वर्षानुवर्षं मोजलं. आयोवातले हे गृहस्थ दर महिन्याच्या पहिल्या तारखेला डाव्या अंगठ्याच्या नखावर, बुडाशी, एक बारीक रेघ कोरायचे आणि ती पुढच्या टोकाला कधी पोचते ते लिहून ठेवायचे. पस्तीस वर्षांच्या नोंदी त्यांनी १९८० मध्ये छापल्या. बत्तिसाव्या वर्षी नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. आपल्यासाठी गणित असं: दिवसाला साधारण एक दशांश मिलिमीटर, महिन्याला तीन. बुडापासून टोकापर्यंत सगळं नख नव्यानं यायला सहाएक महिने. आणि कार्यक्रमाच्या तोंडावर दोन मिलिमीटर नख तुटलं तर वीस दिवस. हा वीसचा आकडा मी कपाटाच्या दारावर लिहून ठेवला होता.

नखात आणखी एक खुबी आहे. त्याच्या मधल्या थरातले केराटिनचे तंतू बोटाच्या दिशेनं जात नाहीत, आडवे जातात, चंद्रकोरीला समांतर. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये नखं कापून मोजलं, तेव्हा उभं चिरायला आडव्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागली. अर्थ असा की कडेला पडलेली चीर मुळाकडं धावत नाही, आडवी वळते आणि पुढचा तुकडा घेऊन जाते. जिव्हाळी वाचते, गिटार जाते. निसर्गानं हे आपल्या सोयीसाठी केलंय, फक्त गिटार त्याच्या हिशेबात नव्हती. म्हणून नखाच्या दोन्ही बाजूंचे कोपरे कधी धारदार ठेवायचे नाहीत. मोडणं जवळजवळ नेहमी बाजूच्या एखाद्या खाचेपासून सुरू होतं.

लांबी किती? तळहात डोळ्यांसमोर धरा, बोटं सरळ. बोटाच्या टोकावरून नखाची एक ते दोन मिलिमीटर कड दिसली की पुरे. अंगठ्याला थोडी जास्त चालते. नव्या विद्यार्थ्याची हमखास चूक म्हणजे भरपूर वाढवणं. लांब नख तारेत अडकतं, हात बिचकतो, वेग जातो, आणि तरफेसारखा दाब सगळा जिव्हाळीवर येतो. नखं सारखी मोडतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी ती अर्ध्या मिलिमीटरनं कमी करायला सांगतो. पौष्टिक आहार, लेप, गोळ्या, सगळं नंतर. आकार बोटाच्या टोकासारखा, टोकदार नाही. ज्यांचं नख पोपटाच्या चोचीसारखं खाली वळतं, त्यांनी ते आणखी आखूड आणि सपाट कडेचं ठेवावं. चोच तारेला आकड्यासारखी धरते.

नेलकटर उजव्या हाताला लावायचा नाही. नख वाकलेलं असतं, नेलकटर त्याला दाबून सपाट करतो आणि मग तोडतो. त्या दाबानं थर सुटतात. पूर्वी न्हाव्याकडं नराणी असायची, ती निदान कडेकडेनं काढत जायची. आता काचेची किंवा बारीक दाण्याची नेल फाइल घ्यावी, आणि नख कोरडं असताना वापरावी. भिजलेलं नख फाइलखाली फाटतं.

पण फाइलनं काम अर्धंच होतं. तिच्या दाण्यांच्या रेघा कडेवर राहतात आणि तारेला कळतात. पुढचं साहित्य सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मिळत नाही, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं: वॉटर पेपर, गाड्या रंगवणारे वापरतात तो. हजार आणि दोन हजार नंबरचा एकेक कागद. मी पहिल्यांदा मागितला तेव्हा दुकानदारानं विचारलं, ‘‘कुठली गाडी?’’ नखासाठी म्हटल्यावर त्यानं कागद गुंडाळता गुंडाळता माझ्या हाताकडं जे पाहिलं ते अजून आठवतं. कागदाची बोटभर रुंद पट्टी कापायची. आधी हजार, मग दोन हजार. कडेवरून, आणि कडेच्या खालूनही, कारण तार खालच्या अंगानं येते. मग सरांनी शिकवलेली युक्ती: पट्टी तारेवर पांघरायची, खरखरीत बाजू वर, आणि डाव्या हातानं ताणून धरून नेहमीसारखं त्या तारेवर बोट चालवायचं. दहा-पंधरा वेळा. तार नखाला जिथून जाते तो रस्ता नख स्वतःच घासून घेतं. अंगठ्याच्या बाजूकडून उतार तयार होतो, ज्याचा त्याच्या हाताच्या वळणाप्रमाणं. तपासायचं असेल तर नख दिव्याखाली धरावं. कडेवर उजेडाची एक अखंड रेघ चमकायला हवी. किंवा शिफॉनच्या ओढणीवरून कड ओढून पाहावी. धागा अडकला की पुन्हा वॉटर पेपर. ओढणी कुणाची ते आधी विचारावं.

आता शत्रू. गिटार नखाला झिजवते हे खरं, विशेषतः खालच्या तीन तारा, ज्यांवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते, कानसच ती. पण ही झीज रोजच्या वाढीत भरून निघते. नखं मोडतात ती बाकीच्या वेळात, आणि बहुतेक घरातच. डब्याचं झाकण, स्कूटरचं कुलूप, पाठीवरच्या पिशवीची चेन, मटार सोलणं. या सगळ्या कामांत आपण तर्जनीचं नख पाचर म्हणून वापरतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. हळूहळू हात बदलावा लागतो. झाकण चमच्याच्या मागच्या टोकानं उचलायचं, संत्रं सुरीनं चिरायचं, नारळ खवायला बसायचंच नाही. विळीवर एकदा नख गेलं की बोट वाचलं म्हणून घरचे आनंदात असतात आणि आपण एकटेच सुतकात.

पाणी दुसरा शत्रू, आणि तो गुपचूप काम करतो. नख कातडीपेक्षा किती तरी जास्त वेगानं पाणी पितं, फुगतं, मऊ होतं, मग वाळून आकसतं. भांडी, धुणं, आंघोळ, पुन्हा भांडी, असं दिवसातून अनेकदा झालं की पापुद्र्यासारखे थर सुटतात. साबण वरचं तेलही नेतो. पावसाळ्यात कोकणात नख वाकतं, डिसेंबरात पुण्यात तेच तडकतं, हे मी स्वतः अनुभवलंय. पहिल्यात ते आखूड ठेवतो, दुसऱ्यात तेलकट. भांड्यांना रबरी हातमोजे, आतून सुती असले तर उत्तम, कारण घामानंही नख भिजतंच. हात धुतल्यावर आणि रात्री झोपताना नखाला, त्याच्या बुडाला आणि खालूनही खोबरेल तेलाचा एक थेंब. तेल नखाला खाऊ घालत नाही, आतलं पाणी एकदम उडू देत नाही, एवढंच. महागड्या बाटल्यांतही बहुधा यापेक्षा फार वेगळं काम होत नाही. आणि हो, गिटारवादक आहे म्हणून भांडी घासणार नाही, हा युक्तिवाद मी करून पाहिला. हातमोजे तेव्हापासून आहेत.

पाश्चात्त्य पुस्तकांत न सापडणारी एक अडचण आपली खास आहे. ज्या हाताची नखं राखायची, त्याच हातानं आपण जेवतो. आमटी-भात कालवला की हळद नखात उतरते आणि चारही नखं पिवळी होतात; डावा हात मात्र पांढरा. त्यापेक्षा वाईट म्हणजे जेवणानंतर नखाखाली अडकलेलं काढण्यासाठी टोकदार काडी घालणं. नख आणि जिव्हाळी यांच्यातली वीण एकदा सुटली की तिथं पाणी, मळ, जंतू साचतात, आणि नखुरडं होऊन बोट ठणकायला लागलं की गिटार आठवडाभर पेटीत. मऊ जुना टूथब्रश उलट्या नखावरून फिरवला की पुरतं. मी कालवणाचा भात चमच्यानं खायला लागलो तेव्हा आजीनं, ‘‘साहेब झाला का हा?’’ असं आईला विचारलं होतं. कारण सांगितल्यावर तिचं मत आणखीच बिघडलं.

खाण्यापिण्याचं मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. नखाचा कडकपणा कॅल्शियममुळं येत नाही. केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळं येतो. नखावरचे पांढरे ठिपके कॅल्शियमची कमतरता दाखवत नाहीत. ती बहुधा मुळाला लागलेल्या किरकोळ माराची खूण असते. जिलेटिननं नख घट्ट होतं याला आधार नाही. लसणानं होतं असं एका ज्येष्ठ वादकानं सांगितलं म्हणून मी दोन आठवडे रोज लसूण चोळला. नखं होती तशीच राहिली, क्लासमधली शेजारची खुर्ची मात्र रिकामी झाली. बायोटिनचा ठिसूळ नखांना उपयोग झाल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण त्याच्या मोठ्या मात्रेमुळं थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात, म्हणून डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. नख चमच्यासारखं खोलगट होणं, त्यावर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पडणं, एकच नवी काळी उभी रेघ उमटणं, आपोआप जिव्हाळीपासून सुटणं, यातलं काही दिसलं तर सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडं जावं. पहिलं बऱ्याचदा लोह कमी असल्याची खूण असते, आणि ते गिटारीपेक्षा महत्त्वाचं आहे.

मोडलंच तर? साधी चीर असेल तर टी-बॅगचा कागद किंवा रेशमाचा तुकडा चिरेवर ठेवून वर फेविक्विकसारख्या झटपट गोंदाचा एक थेंब, वाळल्यावर वॉटर पेपर. गोंद कातडीला लागू द्यायचा नाही आणि कापसानं तर टिपायचाच नाही. कापसाशी गाठ पडली की तो चटका बसेल इतका तापतो. पुढचा तुकडाच गेला असेल तर गिटारवाल्यांचा जुना उपाय आहे टेबल टेनिसचा चेंडू. त्याची वक्रता नखासारखी, जाडीही साधारण तेवढीच. नखाच्या आकाराचा तुकडा कापायचा, उरलेल्या नखाला चिकटवायचा, घासून आकार द्यायचा. जुने चेंडू सेल्युलॉइडचे, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. घासताना देवघरासारखा वास यायचा. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सेल्युलॉइडच्या जागी दुसऱ्या प्लास्टिकचे चेंडू आले, तेव्हा जुने जपून ठेवणारे काही गिटारवाले मला माहीत आहेत. सेल्युलॉइड भक्कन पेटतं, एवढं मात्र लक्षात ठेवावं. उदबत्तीपासून लांब.

पार्लरमधली ॲक्रिलिक किंवा जेलची नखं हा पुढचा टप्पा. फ्लामेंकोवाले, ज्यांना नखांच्या पाठीनं तारांवर झपाझप फटकारे मारायचे असतात, आणि पोलादी तारा बोटांनी वाजवणारे यांना त्याला फारसा पर्याय नाही. नायलॉनची पहिली तार सुमारे ०.७ मिलिमीटर जाड आणि मऊ, पोलादी ०.३ मिलिमीटरची, करवतीसारखी. सरोदिये तर डाव्या हाताच्या नखांनी पोलादी तारा दाबतात, त्यांच्या नखांना खाचा पडतात आणि त्या सारख्या घासाव्या लागतात. सारंगिये नखाच्या बुडाशी, कातडीलगत तार रेटतात. त्यांचं दुखणं पाहिलं की आपलं लाडाचं वाटतं. नायलॉन वाजवणाऱ्यानं ॲक्रिलिकच्या वाटेला शक्यतो जाऊ नये असं माझं मत आहे. ते बसवण्यासाठी नखाचा वरचा थर घासतात, काढताना आणखी एक जातो; काहींना त्या रसायनांची ॲलर्जी होते आणि ती जन्मभर राहते; खाली फट पडून ओल राहिली तर जंतूंमुळं नख हिरवंही होतं. घातलंच तर ॲसिटोननं भिजवून काढावं. उपटू नये.

माझ्या पहिल्या कार्यक्रमाला चार दिवस होते. रात्री अकराला भूक लागली, चिवड्याचा स्टीलचा डबा, घट्ट झाकण, आणि चमच्याचा नियम तेवढ्यापुरता विसरलो. ‘टक्’ असा आवाज झाला. तर्जनीचं नख अंगठ्याच्या बाजूनं सुरू होऊन आडवं, सरळ रेघेत गेलं होतं, अगदी मँचेस्टरच्या प्रयोगासारखं. मी बराच वेळ तो तुकडा चिवड्यात शोधत बसलो. कशासाठी ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी चेंडूचं नख लावलं. छान बसलं. संध्याकाळी सरांसमोर वाजवताना ते सुटून थेट त्यांच्या चहाच्या बशीत पडलं.

सरांनी ते चिमटीत उचललं, बशीच्या कडेला ठेवलं आणि म्हणाले, ‘‘बाकीची तीनही काप.’’

‘‘सर, तीन दिवसांवर आलंय.’’

‘‘म्हणून तर म्हणतोय. तीन लख्ख आणि एक बोदा, असं ऐकवणार आहेस का लोकांना? सगळी काप. आणि कार्यक्रमात सोर आहेच तुझ्या, तोच आधी घे.’’

त्यांच्या मेजावरच्या नेलकटरनं, जो उजव्या हाताला लावायचा नाही म्हणून वर सांगितलं, मी तीन नखं जिव्हाळीपर्यंत कापली. शनिवार होता, वर तिन्हीसांज टळून गेलेली. आजीला कळलं असतं तर पुढं जे बिनसेल त्याचं कारण तिनं त्यातच शोधलं असतं. पहिले दोन दिवस तार बोटाखालून निसटायची, हात नखाची वाट बघत थांबायचा आणि नख यायचं नाही. तिसऱ्या दिवशी बोट तारेत थोडं खोल न्यायला जमलं. कार्यक्रमाला चाळीसएक माणसं होती, खोली लहान होती, आणि सोरचं स्टडी मी त्याच्याच पद्धतीनं, उघड्या बोटांनी वाजवलं. आवाज बारीक होता. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी नंतर येऊन विचारलं की गिटार बदललीस का.

वीस दिवसांचा हिशेब जवळजवळ बरोबर निघाला. एकोणिसाव्या दिवशी सकाळी सराव करताना तर्जनी तारेवरून सुटली आणि स्वराच्या आधी ‘खर्र’ झालं. मी गिटार बाजूला ठेवली आणि कप्प्यातून वॉटर पेपर काढला.